हाडाचा कारखाना, मुक्काम कामण

उमेळे,
१८ जानेवारी २००४

प्रिय आत्या,

सा. न.

पत्र लिहायचं मी रोज ठरवत होतो आणि रोज टाळत होतो, हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुझ्या उत्तरातला पहिला परिच्छेद तरी वाचेल. तू मला कंपनीच्या इतिहासाचं काम दिलंस डिसेंबरच्या चार तारखेला. आज वहीत साडेतीन पानं आहेत, आणि त्यातलं अर्धं नायगावच्या मिठागरातल्या बगळ्यांवर आहे.

तसा मी बसून नव्हतो. दोनदा कामणला निघालो. पहिल्यांदा वाटेत जूचंद्रला उतरलो. तिथे एका घराच्या ओटीवर एक माणूस रांगोळीने म्हातारीचा चेहरा काढत होता. गालावरची सुरकुती तो चिमटीतून अशी सोडत होता की मला उठवेना. संध्याकाळ झाली. दुसऱ्यांदा काय झालं ते सांगत नाही, तू बाबांना सांगशील.

पण रोझलिनबाईंकडून मात्र पुष्कळ कळलं. मी ज्यांच्या वाडीतली मागची खोली घेतली आहे त्या या. त्यांचा भाऊ प्लासिड तुमच्या कारखान्यात होता. मी त्यांना म्हटलं, "सस्यश्री फर्टिलायझर्सबद्दल लिहितोय." त्यांना काही उमगेना. मग एकदम म्हणाल्या, "हाडाचा कारखाना होय? मग तसं सांग की. सस्यश्री म्हणे." सुरुवातीची दोन वर्षं तिथे नुसती हाडं दळत होते, आणि पुढे सुपरफॉस्फेट आलं, मिश्रखतं आली, तरी नाव हाडाचंच राहिलं. हे तुला ठाऊक होतं का? तुमच्या फायलींत नक्की नसणार.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पावसाच्या आधी नव्या मिश्रणाचं पहिलं पोतं फाटकातच फोडायचे. प्रत्येक कामगाराने त्यातली एक मूठ रुमालात बांधून घरी न्यायची आणि आपल्या दारच्या झाडाला घालायची. आठ दिवस माल हलायचा नाही. सगळ्यांच्या झाडांना मानवलं की मग लॉऱ्या भरायच्या. एका वर्षी प्लासिडने मूठ पानवेलीला घातली आणि चौथ्या दिवशी वेल करपली. तो ती उपटून तशीच खांद्यावर टाकून कारखान्यात घेऊन गेला. सगळा माल परत फोडला. साहेब म्हणे प्लासिडवर चिडले नाहीत, उलट वेलीचे पैसे देऊ केले. प्लासिडने घेतले नाहीत.

आता मला एक सांग. जूनमध्ये कंपनीला चाळीस वर्षं होणार, तुझ्या शेठना पुस्तिका हवी, आणि त्याच महिन्यात नावातलं 'फर्टिलायझर्स' जाऊन 'होल्डिंग्ज' येणार. म्हणजे खत विकणारी कंपनी आता नुसते दुसऱ्यांचे शेअर सांभाळते. हे झालं कसं? मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हा मला कळेल अशा भाषेत सांग. मला तर ते एखाद्या शेतकऱ्याने शेत सोडून शेजाऱ्यांच्या शेताच्या बांधावर खुर्ची टाकून बसावं तसं वाटतं.

ऑफिसात फोन करू नकोस म्हणालीस म्हणून मुलुंडच्या घरीच लिहितोय.

तुझा,
परेश

---

मुलुंड,
२७ जानेवारी २००४

चि. परेश यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. बगळे काढून टाक.

तू विचारलंस ते सांगते, कारण हे तुला फायलींतून कळणार नाही. चौसष्ट साली मोठ्या शेठनी कामणला जागा घेतली. भिवंडीचा रस्ता जवळ, आणि पलीकडे वसईच्या वाड्या, केळी, पानवेली, म्हणजे गिऱ्हाईक दारात. मी बहात्तर साली फोर्टच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. त्या वेळी माझ्या खुर्चीमागे एक हिरवं लोखंडी कपाट होतं. चांगल्या वर्षी उरलेल्या पैशातून मोठे शेठ दुसऱ्या कंपन्यांचे शेअर घेत. एकदा रंगाच्या कंपनीचे घेतले, एकदा चहामळ्यांचे. त्यांची प्रमाणपत्रं त्या कपाटात. मी लागले तेव्हा एकच कप्पा भरलेला होता. ऐंशी साली दुसरं कपाट आलं. सत्त्याऐंशीच्या सुमारास असं झालं की कामणला बासष्ट माणसं वर्षभर राबून जेवढं आणत, तेवढं ती दोन कपाटं नुसती उभी राहून आणू लागली.

कोणी एके दिवशी ठरवलं नव्हतं रे. एकेक कप्पा भरत गेला, एवढंच.

मग ब्याण्णवला सरकारने या खतांच्या किमतींवरचा हात काढला. भाव वाढले, शेतकरी थांबले, गोदामात पोती थप्पीला लागली. मोठे शेठ तोवर वारले होते. धाकटे शेठ हिशेब मांडून म्हणाले, मग कारखाना हवा कशाला? प्रश्न चुकीचा नव्हता. १२ मार्च १९९४, शनिवारी कारखाना बंद झाला. सगळ्यांना रीतसर नोटिसा आणि भरपाई मिळाली. कोणाचीही तक्रार नाही. यंत्रं विकली. ऑफिसात अकरा जण होतो, तिघं उरलो.

पुस्तिकेत तू चौऱ्याण्णवला थांब. पुढे एकच वाक्य घाल: 'त्यानंतर कंपनीने काळाची पावले ओळखून गुंतवणुकीच्या क्षेत्रात प्रवेश केला.' एवढं पुरे.

कामणला जायची गरज नाही. तिथे पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. भिंत आहे आणि गवत आहे. जागेचा व्यवहारही आता ठरत आला आहे, कोणी गोदामवाले घेत आहेत. रोझलिनबाईंची मूठ मात्र छान आहे, ती घाल.

वेळेवर जेवतोस का? तुझे बाबा विचारत होते, मी हो म्हटलं.

तुझी,
आशालताआत्या

---

उमेळे,
१५ फेब्रुवारी २००४

प्रिय आत्या,

सा. न.

तू जाऊ नकोस म्हणालीस म्हणून गेलो. नाहीतर कदाचित आणखी महिनाभर गेलो नसतो.

आणि तू म्हणतेस तशी भिंत आहे, गवतही आहे, पण गवत कापलेलं आहे. फाटकाला कुलूप आहे आणि कुलपाला तेल आहे. वरचा बोर्ड, 'सस्यश्री फर्टिलायझर्स लि., कामण', इतका ताजा रंगवलेला की मला वाटलं कारखाना चालूच आहे आणि आपण सगळे उगाच चाळीस वर्षांचा इतिहास लिहीत बसलोय. मी फाटकाच्या फटीतून डोकावलो तर आतून एक माणूस आला. खाकी सदरा, छप्पन-सत्तावन्नचा, काटक.

"शेठची चिठ्ठी हाय?"

"नाही. पण मी कंपनीचा इतिहास लिहितोय."

"इतिहासाला पन चिठ्ठी लागते."

मी तुझं नाव सांगितलं. ऑफिसातल्या आशालताबाई. तर त्याचा चेहराच बदलला. "मनीआर्डरवर सही असते त्या?" म्हणाला, आणि कुलूप काढलं. आत्या, तू त्याला दर महिन्याला मनीऑर्डर करतेस आणि मला एक शब्द बोलली नाहीस.

त्याचं नाव निकोलस तुस्कानो. एकोणसत्तरपासून कारखान्यात, पोत्यांची तोंडं शिवायला. घर नायगावला, मिठागराच्या अंगाला. बायको लूर्डस तिथेच असते. हा सोमवार ते शनिवार कामणला, टाइम ऑफिसच्या खोलीत. रविवारी मिस्साला घरी जातो आणि ऊन उतरायच्या आत परत. असं दहा वर्षं. मी विचारलं, कंटाळा येत नाही? म्हणाला, "कंटाळा करायला येळ कुठे हाय? डंपरवाले बघितलेस ना रस्त्यावर? एक रात झोपलो तर सकाळी इथे डेब्रिजचा डोंगर." शेजारच्या दोन्ही जागांत गोदामांचा राडारोडा पडलाय आणि झोपड्याही झाल्यात. तुमची सहा एकर मात्र स्वच्छ आहे. गोदामवाल्यांना ती आवडली त्यात नवल नाही. तुमच्या शेठना हे माहीत आहे का?

मग त्याने मला कारखाना दाखवला. म्हणजे जागा दाखवली. इथे चक्की, इथे मिसळण, इथे मी. प्रत्येक ठिकाणी दोन पावलं थांबायचा, जसं काही यंत्र वाटेत आहे आणि वळसा घालायला हवा. सुपरफॉस्फेटचा ढीग जिथे असायचा तिथे अजून काही उगवत नाही. त्याच्या कडेला मात्र एरंड माझ्याहून उंच.

मी त्याला विचारलं, सगळे गेले, तुम्ही कसे राहिलात? तो जरा ताठ झाला. "सगळ्यांना नोटिशी वाटल्या त्या दिवशी. प्रल्हादसाहेब मॅनेजर, ते एकेक नाव वाचीत होते. मी थांबलो, थांबलो. माझं नाव आलंच नाय. साहेब म्हनाले, निकोलस, तुझं नाव नाही म्हणजे तुला ठेवलाय. ह्या चाव्या घे. बासष्ट मानसांत मना एकट्याला ठेवला शेठने." आणि मग, मी चहा पीत असताना, दुसरीकडे बघत म्हणाला, "तुझ्या पुस्तकात ते येईल ना?"

येईल म्हटलं. आत्या, तुझं ते 'काळाची पावले ओळखून' मी आता घालणार नाही. शेवटचं प्रकरण निकोलसकाकाचं. शेठना मी थेट लिहितो आणि प्रकरण पाठवतो. त्यांना अभिमान वाटेल बघ.

तुझा,
परेश

---

मुलुंड,
२० फेब्रुवारी २००४

परेश,

शेठना काहीही पाठवू नकोस. निकोलसला कसलाही शब्द देऊ नकोस. दिला असशील तर पुन्हा तिकडे जाऊ नकोस, आपोआप विसरेल. चौऱ्याण्णवला थांब म्हटलं होतं ते विनाकारण नव्हतं.

कारण विचारू नकोस. हे पत्र ठेवू नकोस.

आशालताआत्या

---

उमेळे,
९ मार्च २००४

प्रिय आत्या,

सा. न.

तुझं पत्र येण्याच्या आदल्याच दिवशी मी शेठना प्रकरण पाठवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक काम वेळेवर केलं, तर असं. मी दोन आठवडे गप्प बसलो तो रागाने. तू असं लिहितेस जणू मी कोणाचा खिसा कापलाय.

पुन्हा जाऊ नकोस म्हणालीस, तरी गेलो. तीनदा. आता मी त्याच्याकडे दुपारी जेवतोसुद्धा. सुकट आणि भात. माझ्या साऱ्या भटकंतीत मला असं कोणी भेटलं नव्हतं, जे एकाच जागी थांबलंय आणि त्याला त्याची लाज नाही. मी बावीस वर्षांचा, तीन कामं सोडली, एक कॉलेज सोडलं. आणि हा माणूस दहा वर्षं एका फाटकाशी. मी त्याला म्हटलं, मला दोन दिवससुद्धा जमणार नाही. म्हणाला, "तुना कोनी निवडला नाय अजून. निवडला की जमते."

काल त्याने पत्र्याच्या पेटीतून नोटिशीसोबत लावलेली यादी काढून दाखवली. ती त्या दिवशी फाटकावर चिकटवली होती, ती त्याने संध्याकाळी पाण्याने भिजवून अलगद सोडवून घेतली. दोन पानं, चक्रमुद्रित, खाली तुझी आद्याक्षरं. पहिलं पान एकपासून तीसपर्यंत. दुसरं पान बत्तीसपासून. एकतीस नाहीच. मी म्हटलं, काका, एकतीस कुठे? त्याने बोट ठेवून दाखवलं, दोन पानांच्या मधे. "ही माझी जागा. दुसऱ्या कोनाला दिली नाय. रिकामी ठेवली."

मला ते फार आवडलं, आत्या. नाव वगळायचं पण आकडा त्याच्यासाठी राखून ठेवायचा. शेठच्या मनात असं काही येईल असं तुझ्याकडून ऐकून कधी वाटलं नव्हतं. की ते तू सुचवलंस? तसं असेल तर तुझं नावही प्रकरणात घालतो. तू नको म्हणशीलच.

शुक्रवारी दोन माणसं जागा मोजायला आली होती. निकोलसकाकाने चिठ्ठी मागितली, त्यांच्याकडे नव्हती, परत पाठवलं. मला म्हणाला, "शेठचं जमिनीकडे लक्ष नसेल, पन माझं हाय."

तुझा,
परेश

---

मुलुंड,
१६ मार्च २००४

चि. परेश,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आज ऑफिसला गेले नाही. बत्तीस वर्षांत आजारपणाशिवाय पहिल्यांदा.

एकतीस ही जागा कोणी राखून ठेवलेली नव्हती. ती माझी चूक आहे.

कारखाना बंद होण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी मी ती यादी टाइप करत होते. मॅनेजरांनी हाताने लिहिलेली यादी शेजारी. पहिलं स्टेन्सिल तिसाव्या नावाला संपलं. दुसरं चढवत होते एवढ्यात धाकट्या शेठनी आत बोलावलं, कपाटाची किल्ली हवी होती. कुठल्याशा कंपनीचे शेअर त्याच दिवशी द्यायचे होते. किल्ली दिली, सही घेतली, परत येऊन बसले आणि यादीवर बोट ठेवलं ते बत्तीसवर. एकतिसावं नाव होतं, निकोलस तुस्कानो, पॅकिंग. त्याच टाइप केलेल्या यादीवरून नोटिसा निघाल्या, त्याच यादीवरून भरपाईचे चेक निघाले. म्हणून तेही एकसष्ट.

मला मंगळवारी कळलं. मॅनेजरांचं टिपण आलं, तुस्कानोचं नाव यादीत नसल्यामुळे त्याला जागेवर ठेवून चाव्या दिल्या आहेत. त्यांना वाटलं वरून ठरलंय. त्यानंतर वर्षभरात तेही गेले, हृदयविकाराने. तेव्हा मंगळवारी नुसतं दोन कागदांचं काम होतं. एक नोटीस, एक चेक, एवढं केलं असतं तर संपलं असतं. पण त्याच आठवड्यात ऑफिसातल्या अकरांपैकी तीन कोण ठेवायचे ते ठरणार होतं. नाव गाळणारी टायपिस्ट कोण ठेवणार? मी फाइल खाली ठेवली आणि म्हटलं, तीन नावं ठरली की सांगू. मला ठेवलं. मग सांगायला आणखी जड झालं.

पुढे मी त्याचा पगार 'कामण जागा, देखभाल' या ओळीत घातला. शेठनी कधी विचारलं नाही. ती ओळ लहान होती, आणि त्यांचं लक्ष कपाटांकडे. मी मनाला सांगत राहिले की बरंच झालं, त्याला काम तरी राहिलं. पण बाकीच्या एकसष्टांनी त्या भरपाईत काहीतरी केलं. रोझलिनबाईंच्या भावाने रिक्षा घेतली असं तूच मागे फोनवर म्हणाला होतास. निकोलसला काय मिळालं? बायकोपासून दूर एक खोली. मी त्या माणसाला पाहिलेलंसुद्धा नाही, परेश. बत्तीस वर्षांत मी कामणला एकदाही गेले नाही. आधी कामच पडलं नाही, नंतर धीर झाला नाही.

आता पुढचं. शेठनी तुझं प्रकरण वाचलं. "मुलगा छान लिहितो," म्हणाले. मग विचारलं, हा निकोलस कोण? मी म्हटलं, रोजावरचा राखणदार आहे. तोंडातून निघून गेलं. ते म्हणाले, मग महिनाअखेर मोकळा करा, जागा रिकामी द्यायची आहे. गोदामवाल्यांना लेखी हवं आहे की चौऱ्याण्णवपासून या जागेवर कंपनीचा एकही कायम कामगार नाही. ३१ तारखेला सही. ते पत्र मलाच करायचं आहे. त्यावर सही झाली की निकोलस त्या जागेत घुसलेला कोणी तरी ठरेल. पंचवीस वर्षांची नोकरी आणि वरची दहा, काहीच राहणार नाही. आता ऑफिसात कॉम्प्युटर आहे, चुकलं तर पुसता येतं. मी दोन दिवस ते पत्र उघडते आणि बंद करते.

तू त्याला काही सांगू नकोस. मी माझ्या फंडातून काही करता येतं का बघते. त्याला बक्षीस म्हणून देता येईल. त्याला वाटतं त्याला निवडलं होतं. ते तरी राहू दे.

तुझ्या बाबांना यातलं काही बोलू नकोस.

आशालताआत्या

---

कामण,
२५ मार्च २००४

प्रिय आत्या,

सा. न.

टाइम ऑफिसच्या पायरीवर बसून लिहितोय. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उलट्या दिशेला निघालो. विरार, तिथून अर्नाळा, किनाऱ्यावर बसलो. परत यायचंच नाही असं जवळजवळ ठरलं होतं. मला ते जमतं, तुला माहीत आहे. पण चौथ्या दिवशी कामणच्या बसमध्ये चढलो.

सांगायचं ठरवून आलो होतो. सांगितलं नाही. मग न सांगायचं ठरवलं, तेही नीट जमलं नाही.

काल दुपारी जेवल्यावर त्याने ताटं धुतली, आणि पाठमोराच म्हणाला, "परेश, एक विचारू? मी काय मोठा कारीगर नव्हतो. पोत्यांची तोंडं शिवायचो. प्लासिड माझ्याहून भारी, मिसळन त्याच्या हातची. त्याना नाय ठेवला. मना का ठेवला?"

मी म्हटलं, "मला काय माहीत."

"लूर्डस म्हनते, तुझी गंमत केली त्यांनी. मी तिच्याशी भांडतो. पन रातचा पडलो की मना पन वाटते, कायतरी गफलत झाली. साहेबाला विचारायचं होतं. तो गेला. आता कोनाला विचारू?"

आत्या, म्हणजे त्याचा अभिमान तुला वाटतो तसा अखंड नाही. तो दहा वर्षं आतून विचारतोय. तू बक्षीस पाठवलंस तर तो घेईल, आणि विचारत राहील, आणि पहिल्या तारखेला गोदामवाले त्याला हाताला धरून बाहेर काढतील तेव्हा त्याला वाटेल की ज्या शेठने निवडलं त्यानेच टाकलं. त्यापेक्षा एका टायपिस्टबाईच्या हातून नाव सुटलं हे कळलेलं मला तरी परवडलं असतं. पण मी बावीस वर्षांचा. माझ्या परवडण्याला काय किंमत.

तुमच्या कंपनीचा इतिहास मला आता कळला असं वाटतं. मी तो कपाटांत शोधत होतो. कपाटं भरली ती खरीच, त्यात कोणाचं वाईट नव्हतं, तू म्हणालीस तसं एकेक कप्पा. पण त्या सबंध वेळात कामणकडे बघायची सवय हळूहळू गेली. खत बनवत होतात तेव्हा एक वेल करपली तर सगळा माल परत फोडायचात. आणि इथे एक माणूस दहा वर्षं एका ओळीत बसला, आणि ती ओळ वर्षाला एकदा सगळे वाचून पुढे गेले. मी हे पुस्तिकेत लिहिणार नाही, घाबरू नकोस. मुळात मी पुस्तिका लिहितोय की नाही हेही आता मला सांगता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. हे मी सांगू शकत नाही. मी सांगितलं तर ती बातमी होईल. तू सांगितलंस तर काय होईल ते मला नाव देता येत नाही, पण ते वेगळं असेल. आणि तू ते शेठनाही सांगायला हवंस, एकतीस तारखेच्या आधी, कारण तो रोजावरचा नाही हे माहीत असलेली तू एकटीच उरली आहेस. तुझी पेन्शन वगैरे काय व्हायचं ते मला कळत नाही. तू घाबरणार, आणि मी इथून शहाणपणा शिकवतोय, हेही मला कळतं. सोमवारपर्यंत तुझं उत्तर आलं नाही तर मी त्याला तुझं १६ तारखेचं पत्र वाचून दाखवीन. त्यासाठी तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर टाक.

निकोलसकाका आता बोर्डाखाली शिडी लावून उभा आहे. 'फर्टिलायझर्स'मधला 'फ' उडालाय म्हणतो. मी त्याला म्हटलं, राहू द्या, नाव बदलणार आहे. "बदलतील तवा बदलतील," म्हणाला.

थांब. फाटकासमोर रिक्षा उभी राहिली आहे.

परत मोजणीवाले असतील म्हणून मी उठलो नाही. काका शिडीवरून उतरून गेला. रिक्षातून एक बाई उतरल्यात, ऑफिसची पर्स, हातात लांब खाकी पाकीट. उन्हामुळे मला आधी ओळखू आलं नाही.

आज गुरुवार आहे, आत्या. तू ऑफिसात असायला हवीस.

तू फाटकाच्या गजांना धरून उभी आहेस आणि त्याला त्याच्या पूर्ण नावाने विचारते आहेस, तुस्कानो तुम्हीच का. तो हो म्हणतोय आणि हाताचा रंग सदऱ्याला पुसतोय. मी उठून येणार होतो. तू मला पाहिलंस आणि मान हलवलीस, थांब म्हणून. तो वळून मला विचारतोय, "परेश, ही बाय कोन?" आणि तू म्हणालीस, त्याला नका विचारू, मी सांगते.